परकं झाकण

संध्याकाळी डबा घासायला घेतला आणि हसूच आलं. झाकण माझं नव्हतं. त्यावर ‘सौ. सुनंदा’ असं नाव कोरलेलं होतं.

चौदा वर्षांची नोकरी सोडताना मला नव्या कामाची भीती नव्हती; दुपारी जेवायला कुणाशेजारी बसायचं, याची होती. आज पहिल्याच दिवशी कोपऱ्यात डबा उघडला, तर शेजारच्या बाईंनी उलट्या झाकणावर मेथीची भाजी वाढून माझ्यापुढे सरकवली.

“आधी चव घ्या, नाव मग सांगा.”

मग सगळ्यांचीच झाकणं टेबलभर फिरत राहिली. कित्येक महिने उराशी बाळगलेली माझी भीती तेवढ्याशा भाजीबरोबर संपली.

झाकण उद्या परत करायचंय. पण रिकामं कसं द्यायचं? हरभरे दोन मुठी जास्तच भिजत घातले.