हद्दीवरची म्हैस

साताऱ्याहून निघालेली एसटी दुपारी पनवेलला पोहोचली. धाकट्या बहिणीने, सुनंदाने, नव्या वसाहतीत बिऱ्हाड केलं होतं. ते बघायला मी आलो होतो. तिचे यजमान, आमचे दाजी, न्यायला आले होते. रिक्षात ते अभिमानाने म्हणाले, "आमच्या वसाहतीत नगरपालिका नाही. रस्ते शहर वसवणाऱ्या महामंडळाचे, पाणी पाणीवाल्यांचं, दिवे वीजवाल्यांचे. ज्याचं काम त्याने करायचं." रस्ते खरोखरच रुंद होते. माणसं मात्र अजून यायची होती.

संध्याकाळी आम्ही ओवे गावाकडे फिरायला गेलो. गाव संपून वसाहत सुरू होते तिथे पाण्याच्या नळासाठी खोल चर खणला होता आणि त्यात म्हैस पडली होती. नळाच्या जोडातून झिरपणारं पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. काठावर तिच्या मालकीण हिराबाई तिला चुचकारत होत्या.

"गाभन हाय," त्या म्हणाल्या. "रात नाय काढणार ती."

दाजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावले. अग्निशमन केंद्राने विचारलं, म्हैस वसाहतीची की गावची? गावची असेल तर पंचायतीला कळवा. सरपंच म्हणाले, चर पाणीवाल्यांचा. पाणीवाले म्हणाले, पाणी बंद करतो, जनावर आमच्याकडे येत नाही. पाणी त्यांनी लगेच बंद केलं, हे नमूद करायला हवं.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कंच्या हापिसाचे?"

"कुठल्याच नाही. पाहुणा आहे."

"मंग धरा दोर."

गावातली माणसं आली, इमारतींतली आली. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे निघालेली एक क्रेन दाजींनी आडवे उभे राहून थांबवली. ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं आणि लोखंड उचलायचे पट्टे काढले. दोघांनी चरात उतरून ते म्हशीच्या पोटाखालून घेतले. ती हिंदकळू नये म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी दोर ताणून धरले. क्रेनने तिला हळूहळू वर उचलून काठावर आणलं. जमिनीला पाय टेकल्यावर ती थोडा वेळ थरथरली, मग महामंडळाने लावलेलं शोभेचं झुडूप खाऊ लागली. हिराबाई तेव्हा रडल्या.

त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवून तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढला. दाजी जन्माचे शाकाहारी. त्यांनी निमूटपणे जेवून दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतलो. आमच्या गावात सगळ्याला एकच नगरपालिका आहे, त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्न पडत नाही. ती ऐकायची कोणी, एवढाच उरतो. बायकोने विचारलं, "कसं आहे नवं शहर?"

"कालपासून वसायला लागलंय," मी म्हटलं आणि सोललेल्या तळहातांना लावायला खोबरेल मागितलं.