डोंग्याची हळद

सागवान मुळातच तेलकट. मुंबईच्या गोदीत दोन वर्षं बोटींना व्हार्निश मारताना मी हे शिकलो आणि गावी येऊन ज्याला त्याला सांगत सुटलो. आधी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं लाकूड पुसायचं, वरचं तेल काढायचं. आतलं तेल पुन्हा वर यायच्या आत पहिला हात मारायचा, तोही पातळ. वाळला की घासायचा, पुन्हा मारायचा. असे सहा हात. एवढी दगदग ज्याला नको त्यानं खुशाल डांबर फासावं. आमच्याकडे पैनगंगेवरच्या डोंग्यांना, म्हणजे लाकडी होड्यांना, पिढ्यान्‌पिढ्या डांबरच फासत होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आमचं गाव रिसोडहून तासाभराच्या वाटेवर, नदीकाठी. वडील वारले आणि दोन महिन्यांनी थोरल्या भावाचं, दादाचं, पोस्टकार्ड आलं. 'परत ये. दोघं मिळून बापाचं काम चालवू.' दादा सुतार. त्याच्या हाताला तोड नव्हती. मला आपलं पॉलिश तेवढं येत होतं. तरी त्यानं बोलावलं म्हणून माझी छाती फुगली होती. बायको आणि पोरगी मुंबईच्या खोलीतच ठेवून मी आधी एकटा आलो. बस्तान बसलं की त्यांना आणायचं, असा बेत होता.

त्याच उन्हाळ्यात गावानं दादाकडून नवा डोंगा करून घेतला. पावसाळ्यात निम्म्या गावाची शेती नदीपलीकडे अडकायची, डोंग्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दादानं अस्सल सागवान वापरलं होतं, फळीला फळी अशी जुळवली होती की मध्ये नख जाणार नाही. त्यावर डांबर फासायचं माझ्या जिवावर आलं. मी पारावर जाऊन वाद घातला. डांबराखाली चीर दिसत नाही, पाणी शिरल्यावरच कळते. व्हार्निश मारलं तर लाकडाची रेष न्‌ रेष दिसेल, कुठं काय बिघडतंय ते उघड्या डोळ्यांनी कळेल.

"डोंगा हाये का नवरी?" कुणीतरी म्हणालं आणि पार हसला.

शेवटी सरपंच म्हणाले, "एक पावसाळा टिकलं तं गावाचं सारं काम तुमा दोघा भावाचं. नाई टिकलं तं तू आपली मुंबई पाय."

मी सगळ्यांदेखत हो म्हणालो. दादा माझ्या शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. मला वाटलं, माझ्यावर भरवसा आहे म्हणून गप्प आहे.

व्हार्निश आणायला अकोल्याला जावं लागलं. जाताना टर्पेंटाइनची बाटली दादाच्या हातात दिली. "दुपारच्या गाडीनं येतो. आल्याबरोबर पहिला हात मारायचा हाये, मी यायच्या घटकाभर आधी सगळा डोंगा पुसून ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला.

आलो तेव्हा डोंगा झाडाखाली उपडा होता आणि लाकूड असं उजळ दिसत होतं की मी खूष झालो. "दादा, पुसला ना?"

"पुसला."

बाटली तिथंच मुळाशी ठेवलेली होती. मी ती उचलून पाहिली नाही. कशाला पाहू? दादानं पुसला म्हणजे पुसला.

पहिला हात तीन दिवस बोटाला चिकटत राहिला. सागवानाला तेल जास्त असेल, असं मी स्वतःला समजावलं. कडक उन्हात एकदाचा सुकला, आणि पुढच्या हातांनी तर अशी झळाळी आली की आजूबाजूच्या गावांतून माणसं डोंगा बघायला आली. पाण्यात घालताना नावाड्याच्या बायकोनं कुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवशी मी बायकोला पत्र टाकलं, सामान बांधायला लाग.

श्रावणात व्हार्निश सुटलं. आधी काठाला फुगे आले, मग कांद्याच्या सालपटासारखे पापुद्रे निघायला लागले. पलीकडून येणाऱ्या बाया ते सोलून पाण्यात टाकायच्या आणि हसायच्या. मी पारावर मान खाली घालून बसलो. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी काय म्हणू आता? डांबरच बरं होतं." आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच डांबर तापवलं.

मला कोणी जा म्हणालं नाही. मीच गेलो. एसटीवर सोडायला दादा आला होता, हातात भाकरीचं गाठोडं दिलं. त्याचे डोळे भरून आले होते. गाडी सुटल्यावर मला माझ्याहून त्याचंच वाईट वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं!

चार वर्षं मी गोदीत स्वतःच्या हातावर संशय घेत काढली. प्रत्येक फळी तीन-तीनदा पुसायचो. मुकादम म्हणायचा, याला लाकूड धुवायला ठेवलंय की काय.

मग दादाच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात हळद चालली होती. नावाड्याची बायको वाटीतली हळद तेलात कालवत होती. मला पाहून हसली.

"भाऊजी, तुमच्या डोंग्याले बी अशीच लावली होती मी. तुमी अकोल्याले गेल्ते तवा. पार तळापासून काठालोक चोळली, गोड्या तेलात."

नव्या डोंग्याला हळद लावायची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. वर डांबर फासायचं असल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्षच देत नसे, डांबराला तेलाचं वावडं नाही. मी मात्र ती साफ विसरलो होतो. कुंकू-नारळावर भागलं, असं धरून चाललो होतो.

"मले काहून नाई सांगतलं?"

"अवं, मिस्त्रीनंच म्हटलं, तुमच्या दादानं. लहान्याले नोका सांगू, मुंबईचा झाला तो, हसंल. माझ्यासमोरच फडक्यानं पुसला त्याईनं डोंगा."

मांडवाच्या मागे दादा एकटा पाट ठोकत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "डोंगा कायनं पुसला होता?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. चार वर्षांनी विचारलं तरी त्याला लगेच समजलं, यातच सगळं आलं.

"कोरड्या फडक्यानं."

"टर्पेंटाइन काहून नाई लावलं? हळदीचं मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू राह्यला असता," तो खाली बघत म्हणाला. "बापाचं काम एका घरापुरतंच होतं, लहान्या. बोलाव म्हणून आईनं जीव खाल्ला, म्हणून कार्ड टाकलं."

मला ओरडायचं होतं, तोंड होतं ना तुला? एक शब्द बोलला असतास तर आल्या पावली परत गेलो असतो, निदान हातावरचा विश्वास तरी घेऊन गेलो असतो. पण मांडवातून पोरीनं हाक मारली, "काका, हळद लावाले या ना!"

गेलो. पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली. तिनं काय केलं होतं? मग उरलेली हळद एकमेकांना फासायची धमाल सुरू झाली आणि कुणीतरी दादाला माझ्यासमोर ढकललं. त्यानं गाल पुढे केला. सगळे बघत होते. मी खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले.

त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरली. वाशिम मागं पडलं तरी बोटं पिवळीच होती. कोरड्या फडक्यानं तेल जात नाही हे मला गावात सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी अकोल्यापर्यंत मी ती पुसत राहिलो.