विसावा पाठकोरा

दिल्लीला लागून असलेल्या वैशालीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अरुणाताई दिल्लीच्या एका दूतावासात टायपिस्ट होत्या. कुठल्या, ते त्या आजही सांगू देत नाहीत. देश परक्या सैन्याच्या ताब्यात, दूतावास जेमतेम चार खोल्यांचा. त्या वर्षी त्या देशाला एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व हवं होतं आणि राजदूत मतांसाठी दारोदार फिरत होते.

ताईंना कागद फुकट गेलेला खपत नसे. एक बाजू कोरी दिसली की कागद पिशवीत. आमच्या दिल्लीकर मुलांना 'पाठकोरा' हा शब्द त्यांच्यामुळेच ठाऊक. शनिवारी करोल बागेत आमचं भजन असे. मुलांना शब्द येत नाहीत, म्हणून ताईंनी वीस पाठकोऱ्यांवर भजनं छापून आणली.

सोमवारी राजदूतांनी विचारलं, "त्या यादीचा कच्चा मसुदा फाडलात ना?"

ताई सवयीने हो म्हणाल्या आणि मग त्यांनी ड्रॉवर उघडला. मसुदा नव्हता. त्यावर अकरा देशांची नावं होती. मत देऊ, पण आधी कुणाला कळता कामा नये, असं सांगणारे देश. बातमी फुटली तर बडे देश दबाव आणणार आणि हे माघार घेणार. ताईंना भजनांचे पाठकोरे आठवले.

त्यांनी घरोघरी फोन केले. एकोणीस कागद परत आले, मागे जुनी आमंत्रणं. विसावा आमच्या पेटीवाल्या तात्यारावांकडे होता.

"अगं, त्यात प्रसादाची पुडी बांधून ऑटोवाल्याला दिली. का गं?"

"काही नाही, तात्या. सहज."

तेव्हाच राजदूतांना सांगायला हवं होतं. मला अजून राग येतो. पण ताई घाबरल्या होत्या. दहा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. दाराची बेल वाजली तरी दचकायच्या.

मतदान सगळ्यांनी दूतावासातल्या टीव्हीवर पाहिलं. अकरापैकी दहा देश 'हो' म्हणाले, अकरावा तटस्थ राहिला. सदस्यत्व मिळालं. लोक रडत एकमेकांना मिठ्या मारत होते. राजदूतांनी ताईंच्या हातावर पेढा ठेवला. "एक फिरला," ते म्हणाले, "कुठून कळलं कोण जाणे."

ताईंनी मला हे दोन वर्षांनी सांगितलं.

"ऑटोवाला कशाला वाचतोय ते?" मी म्हटलं.

"बिल्कुल," त्या म्हणाल्या. "मी रोज स्वतःला हेच सांगते."