चौकातील उलटा फेरा

मुलीच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जावई जहाजावर होते आणि आम्ही उभयता मीरा रोडला. फ्रान्समधील तिच्या लहानशा गावापासून इस्पितळ अर्ध्या तासावर. डोळ्यात सोडलेल्या वायूच्या बुडबुड्याने पडदा दाबून धरावा म्हणून तिने सतत मान खाली घालून राहायचे होते. धक्का बसता कामा नये. पडदा पुन्हा सुटला, तर दृष्टी परत येण्याची हमी डॉक्टर देत नव्हते.

“पहिली तपासणी शेजारीण निभावेल. पुढच्या वेळी तुम्ही न्या, बाबा,” ती फोनवर म्हणाली.

दोन महिन्यांनी तिच्याकडे जाण्याचे ठरलेलेच होते. व्हिसा आणि परदेशात चालणारा वाहन-परवाना हाती होता. पत्नीच्या गुडघ्यांना प्रवास झेपणारा नव्हता. मी चार दिवसांत एकटाच निघणार होतो.

चाळीस वर्षे मी गाडी चालवत आलो आहे. परंतु तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते आणि चौकातील वर्तुळाला वळसा घालताना ते डाव्या हाताला राहते. वडिलांनी बोट धरून पहिली प्रदक्षिणा घालायला शिकवली तेव्हापासून देऊळ, तुळस, पिंपळ, सारे माझ्या उजव्या हाताला राहिले आहे. आपले चौकही त्याच दिशेने फिरतात. त्यामुळे हातांना कधी प्रश्न पडला नव्हता.

पूनम सागरमधील आमच्या सोसायटीच्या आवारात गणपतीचे छोटे देऊळ आहे. सरावासाठी त्याला उलटे फिरणे मनाला मानवेना. म्हणून मी पार्किंगमधल्या माडाला उलटे फेरे घालू लागलो, स्टिअरिंगच्या चाकाऐवजी हातात ताट धरून.

“अहो, ताट तरी ठेवा. लोकांना वाटेल, मी जेवायला घालत नाही!” पत्नी खिडकीतून म्हणाली.

शेजारचे गुजराती गृहस्थ थबकले. “मास्तरजी, उल्टा क्यूँ घूम रहे हो?”

“बेटी के लिए.”

त्यांनी स्वतःची स्कूटर माडापासून दूर नेऊन लावली.

तिथे पोहोचल्यावर दोन दिवस मी रिकाम्या रस्त्यांवर गाडी फिरवली. तिसऱ्या दिवशी मुलगी शेजारी बसली, मांडीवरच्या उशीवर कपाळ टेकून. तिला रस्ता दिसत नव्हता.

“मधली रेघ तुमच्या डाव्या खांद्याशी राहू द्या, बाबा.”

तीन चौक नीट पार पडले. त्यांच्या मध्यभागी नुसते गवत होते. चौथ्याच्या मध्यभागी दगडी क्रूस उभा होता आणि त्याच्या पायाशी ताजी फुले. आमच्याकडे, मीरा रोडजवळ, उत्तनमधून तारोडीकडे जाताना असे क्रूस लागतात. तिथेही माझी मान आपोआप लवते. मनाने वंदन केले आणि हातांनी त्याला उजवीकडे घेतले.

समोरून पांढरी व्हॅन थेट आमच्यावर येत होती.

करकचून ब्रेक दाबला असता तर आधी तिच्या मानेला हिसका बसला असता. मी पाऊल जपून, हळूहळू दाबत गेलो. थांबायला लागलेले ते दोन क्षण फार लांबले. व्हॅनचा हॉर्न वाजला. मुलगी मान उचलू लागली.

“मान वर करू नकोस!”

तिच्यावर मी इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो.

“गाडी डावीकडे वळली का?” तिने उशीतूनच विचारले.

“वळली. माझी चूक झाली.”

व्हॅनवाल्याने हात दाखवून मला वाट दिली. मी वितीवितीने गाडी मागे घेतली आणि क्रुसाची मनोमन क्षमा मागत, त्याला डावीकडे ठेवून पुढे निघालो.

पडदा जागेवर आहे, असे डॉक्टर म्हणाल्या. बाहेर बाकावर बसून मी मुलीला सर्व खरे सांगितले. “परतीला टॅक्सी करू. मला माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही.”

खाली फरशीकडे पाहतच ती म्हणाली, “टॅक्सीवाला चुकला, तर मला असं सांगेल का? चला. चौक आला की कुठे वळताय ते मोठ्याने बोला. मी ऐकते.”

परतीच्या वाटेवर प्रत्येक चौकाआधी मी “उजवीकडे” म्हणत होतो, आणि उशीतून तिचा हुंकार आल्याशिवाय चाक फिरवत नव्हतो.