कोळशाची रेघ

माझी सगळी नोकरी एका प्रश्नात मावते: "ताप हाय का कुणाला?"

कर्नाटकच्या जोयडा तालुक्यातल्या एका आडबाजूच्या वाडीत मी आरोग्य कर्मचारी आहे. दर गुरुवारी घरोघर जायचं आणि हा प्रश्न विचारायचा. ताप असेल तर रक्ताचा नमुना घ्यायचा. नसेल तर दाराच्या मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने तारीख घालून पुढचं घर गाठायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण दुसरं काय म्हणावं हे त्यांनाही सुचलेलं नाही आणि मलाही.

मी अंगणात शिरलो की बायकांच्या गप्पा थांबतात. रामनगरच्या बाजारात वाडीतलं कुणी भेटलं तर हा इथे कुणाच्या मागावर आलाय, अशा नजरेने आधी आजूबाजूला बघतं आणि मगच हसतं. मुलांच्या शाळेपायी बायको बेळगावात राहते. फोनला रेंज फक्त वरच्या वळणावर, जीप थांबते तिथे. म्हणजे संसाराशी बोलायचं झालं तरी घाम गाळून चढण चढायची. पहिल्या वर्षी मी रोज चढत असे. नंतर एक दिवसाआड. मग काय बोलायचं तेच संपत गेलं. एकटेपणाची सवय होते असं म्हणणाऱ्याला इथे पंधरा दिवस आणून ठेवायला हवं.

वाडीच्या टोकाला एकटे राहणारे एक म्हातारे शेतकरी होते. बायको वारलेली, मुलगा रामनगरला ट्रकवर. मी त्यांना मामा म्हणायचो. गुरुवारची फेरी त्यांच्याच घरी संपायची, कारण तिथे चहा मिळायचा. एकदा चहा पिताना त्यांनी माझ्या रजिस्टरवर बोट ठेवलं.

"ह्यात तुमचं घर कंचं?"

"माझं न्हाई मामा. मी लिहिणारा."

"मग तुमचा ताप कोण बघनार?"

मी हसलो. ते हसले नाहीत. माझ्याबरोबर चढण चढून माझ्या सरकारी क्वार्टरवर आले आणि हात माझ्या कपाळाला लावला. म्हणाले, "न्हाई." चुलीतला कोळसा खिशात घालूनच आले होते. माझ्या दारामागे त्यांनी एक आडवी रेघ ओढली. लिहिता येत नव्हतं, म्हणून रेघ. तेव्हापासून दर गुरुवारी चहा झाला की ते माझ्याबरोबर वर यायचे आणि रेघ ओढून जायचे. वाडीत थट्टा व्हायची, की डॉक्टरचा डॉक्टर निघाला बघा. मला ती थट्टा फार आवडायची.

आमच्याकडे थंडी सरता सरता माकडतापाचे दिवस येतात. जंगलात माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पसरतात, आणि पाला गोळा करायला गेलेल्या माणसाला चावतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आधी मला सांगायचं, हे मी घरोघर सांगून घसा बसवून घेतला होता. सगळे मान डोलवायचे. पण मान डोलवणं वेगळं आणि माकड मेलेलं बघणं वेगळं. माकड म्हणजे मारुती. तो दारात येऊन मेला तर त्याला आंघोळ घालून, हळदकुंकू लावून, नव्या फडक्यात गुंडाळून मातीत ठेवायचा, हे ह्या लोकांच्या हाडात आहे. खरं सांगायचं तर माझ्याही आहे. आमच्या खानापूरकडच्या गावीही असंच करतात.

त्या मंगळवारी मामांच्या फणसाखाली मला ताजी माती दिसली. वर झेंडूचा हार.

"काल सकाळी पडलेलं हुतं," मामा म्हणाले. "म्याच आंगूळ घातली. तुमी म्हणून सांगतोय. आता त्येला उकराय लावू नका."

"मामा, हात लावला तुम्ही? उघड्या हातानं?"

"देवाला काय चिमट्यानं धरू?"

 हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांनी ते हो धरलं असणार. मी उठलो, तडक वरच्या वळणावर गेलो आणि जोयड्याच्या आरोग्य केंद्राला फोन लावला.

बुधवारी पथक आलं. माती उकरली, नमुना घेतला, उरलेलं जाळलं, भोवती गोचिडी मारायची पावडर टाकली. वाडी लांब उभी राहून बघत होती. झेंडूचा हार कुणीतरी फावड्याने बाजूला सारला तेव्हा मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी त्यांना गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायच्या तेलाची बाटली दिली, आठवडाभरात ताप आला तर लगेच कळवा म्हणालो. त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि आत गेले. मी केलं ते बरोबरच होतं. आजही फोन करीन. पण बरोबर असण्याने त्या दिवशी मला काडीचा आधार वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. प्रत्येक दारात तुटक "न्हाई" मिळालं. मामा शेतात होते, माझ्याकडे पाठ करून बांध घालत होते. चहा नाही. मी उपाशी पोटी क्वार्टरवर आलो, दार लोटलं आणि बघतो तर मागे नवी रेघ. मी फेरीवर असताना येऊन ओढून गेले होते. मला हसू आलं आणि रडूही. बोलणार नव्हते, पण नेम मोडणार नव्हते.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मामांचं दार बंद होतं. एकदा हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी हाक ओठावर आली होती, पण मला राग आला. किती दिवस हा रुसवा? मीही माणूस आहे. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'घर बंद', आणि चढण चढलो. दारामागे पाहिलं. रेघ नव्हती.

झालं, म्हटलं. तेवढंही तोडलं त्यांनी. दुपारभर बाजेवर पडून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. जेवलो नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना 'काही वेगळं दिसलं तर लगेच कळवा' असं शिकवलं, त्याला आपल्याच दारामागे वेगळं दिसलं आणि तो रुसून बसला.

शुक्रवारी सकाळी भांडायलाच खाली गेलो. दार लोटलं तर आतून कडी नव्हतीच. मामा घोंगडीत पडले होते. अंग विस्तवासारखं, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त.

"कधीपासून?"

"बुधवारपास्नं." मग थोडं थांबून म्हणाले, "काल तुमची हाक ऐकली. आवाजच फुटंना. म्हटलं, रेघ न्हाई बघून तरी येतील. दीसभर वाट बघितली."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

चौघांनी डोलीत घालून त्यांना वळणापर्यंत आणलं, तिथून जीपने जोयड्याला, मग मोठ्या हॉस्पिटलात. कितीतरी दिवस गेले. मामा वाचले. हातांना कापरं राहिलं. मुलाने परस्पर रामनगरला नेलं, आणि म्हातारं एकटं कशाला ठेवायचं म्हणून तिथेच ठेवून घेतलं. एका रविवारी भेटायला गेलो. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला, थरथरता हात माझ्या कपाळाला लावला आणि "न्हाई" म्हणाले. उशीर झालेल्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही काढता आला नाही.

आता गुरुवारची फेरी त्याच बंद दाराशी संपते. मी एकदा हाक मारतो, मग दुसऱ्यांदाही मारतो, आणि मगच 'घर बंद' लिहितो. क्वार्टरवर आलो की हात कपाळाला लावतो. आपलाच हात, आपलंच कपाळ, त्यातून काही कळत नाही. तरी कोळसा घेतो आणि दारामागे रेघ ओढतो. एखाद्या गुरुवारी ती नसली, तर बघायला येणारं कुणी नाही.