सलग सहा महिने

हॉटेलच्या तळघरात, धुलाईच्या मोठमोठ्या यंत्रांच्या मागे एका टेबलाशी शिलाईताई बसायची. विरलेल्या चादरींना ठिगळ, उसवलेल्या खोळींना टीप, वेटरांच्या कोटांना बटणं, हे दिवसभर चालायचं. तिचं नाव तिथे कुणाला धड उच्चारता येत नसे, म्हणून तिथल्या भाषेत 'शिलाईताई' अशा अर्थाचं हेच नाव पडलं. यंत्रांचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागे. ओरडून बोलण्यासारखं कुणाकडे फारसं काही नसायचं. खोलीवर जाऊन तरी कुणाशी बोलणार? कधीकधी बसमध्ये तिकीट मागताना तिला आपलाच आवाज घोगरा, परका वाटायचा.

नवरा दूर, घरी. मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. जळलेला पंप आणा, पंखा आणा, हा तांब्याची तार नव्याने गुंडाळून देणार. रस्ता रुंद केला तेव्हा दुकान गेलं. मग बस्तान घरच्याच खोलीत हलवलं, पण तिथे गिऱ्हाईक येईना. शेवटी चाळिशी उलटल्यावर ती परदेशी कामाला आली. "वर्षभरात तुम्हाला बोलावते," असं निघताना म्हणाली होती. आता तिसरं वर्ष लागलं होतं.

नियमच तसा होता. दोघांना एकत्र राहायचं तर लांब मुदतीच्या व्हिसासाठी एकटीचं भागेल एवढा पगार चालत नव्हता. दोघांचं भागेल एवढा हवा, आणि तो सलग सहा महिने पगाराच्या पावतीवर दिसायला हवा. तिचा पगार त्या आकड्याच्या जरासा खाली. म्हणून ती रविवारीही कामाला यायला लागली. जादा तास धरले की आकडा जेमतेम पार व्हायचा.

चार महिने नीट गेले. पाचव्यात ती तापाने फणफणली. तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. उशाशी पाण्याची बाटली होती, ती संपली तेव्हा भरून द्यायला कुणी नव्हतं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा म्हणाली, "घसा बसलाय जरा." चौथ्या दिवशी कामावर गेली.

सहावी पावती हातात पडल्यावर ती सगळे कागद घेऊन कचेरीत गेली. काचेपलीकडच्या बाईने पावत्या एकेक करून पाहिल्या आणि एकीवर बोट ठेवलं.

"हा महिना कमी आहे."

"ताप होता मला. डॉक्टरांची चिठ्ठी आहे. आणि बँकेत शिल्लक आहे, बघा ना."

"शिल्लक यात धरत नाहीत, पगारच लागतो. सलग म्हणजे सलग, बाई. पुन्हा सहा महिने भरा आणि या."

ती बाई वाईट नव्हती. कागद तिने नीट जुळवून परत दिले. कमी पडलेली रक्कम साध्या खानावळीतल्या दोन जेवणांएवढी असेल. शिलाईताई बाहेर येऊन पायरीवर बसली.

घरी सांगायचं कसं? कागद देताच व्हिसा मिळणार असं धरून नवऱ्याने भाड्याची खोली सोडली होती, वाइंडिंगचं यंत्र विकलं होतं, जाडजूड कोट घेतला होता. आता भावाच्या घरी पाहुण्यासारखा राहत होता. तीन आठवडे ती "कागद फिरताहेत अजून," म्हणत राहिली. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर तोच म्हणाला, "अगं, वहिनी रोज विचारते, भावजी, विमान कधीचं? मी म्हणतो, विमानाचं वाइंडिंग चाललंय."

तिला हसू आलं आणि हसताहसता रडूच फुटलं. मग सगळं सांगितलं.

तिला वाटलं, आता तो यंत्र विकल्याचं बोलणार.

"तीन दिवस पडून होतीस," तो म्हणाला, "आणि मला घसा बसलाय म्हणालीस?"

"तुम्ही तिथून काय करणार होतात?"

"काही नाही. निदान काळजी तरी केली असती."

सुट्टी संपली.

पुढचे सहा महिने तिने डोळ्यांत तेल घालून काढले. कुणी शिंकलं तरी लांब बसायची. नवरा भावाच्या घरातून बाहेर पडून एका दुकानात रोजंदारीवर लागला. आपलं विकलेलं यंत्र तिथेच आलंय, हे तिला त्याने दोन महिन्यांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात. फोन रोज व्हायचा, पण बोलण्यासारखं कमी होत गेलं. दोघं फोन समोर ठेवून आपापलं जेवायची. त्याच्या चमच्याचा आवाज तेवढा यायचा.

सहाही पावत्यांवर आकडा भरला. एक वर्षाचा व्हिसा मिळाला आणि तो आला. कोट घालून आला, तोही इतका मोठा की विमानतळावर तिला आधी कोटच दिसला, आणि तिने तो लगेच ओळखला, कारण फोनवर तो दहादा दाखवून झाला होता. खोलीत शिरल्यावर दाराशी उभा राहून त्याने विचारलं, "चपला कुठे काढू?" आपल्याच घरात तो असं विचारतोय, हे तिच्या मनाला लागलं. जेवताना दोघांनाही बोलणं सुचेना. समोरासमोर ताट घेऊन बसायची सवयच मोडली होती.

"फोन लावू का?" तो म्हणाला, तेव्हा कुठे दोघं हसली.

चौथ्या दिवशी रविवार होता. ती पहाटे उठून डबा भरायला लागली.

"आजही?" त्याने अंथरुणातूनच विचारलं.

"वर्षाने मुदत वाढवायची ना. पुन्हा पावत्या लागतात."

तो उठून बसला. इथली भाषा त्याला येत नव्हती, काम अजून नव्हतं, रस्ता फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत माहीत होता. "जा तू," म्हणाला, "मी बसतो." ती जिना उतरली. बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की आपण दिवसभर खोलीत एकट्या बसलेल्या माणसाला मागे ठेवून आलो आहोत, आणि ते बसणं कसं असतं हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.