बाकीचे चोवीस

आमच्या पुढच्या खोलीत देवाचा, पूर्वजांचा, कुणाचाच फोटो नाही. चौकोन आहेत, गोल आहेत, तिरक्या पट्ट्या आहेत. आजच्या चित्रकारांची ही हातानं छापलेली चित्रं, म्हणजे प्रिंट, मी नोकरीच्या काळात सुट्ट्यांमध्ये हिंडून एकेक करून जमवली. पाहुणे नाक मुरडायचे. माझ्या मेहुण्यांनी तर विचारलं होतं, फरशीचं दुकान काढताय का? मी शाळेत भूमिती शिकवायचे म्हणून हे वेड, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. तसं अजिबात नाही. भूमितीत शेवटी उत्तर द्यावं लागतं. या चित्रांपुढे उभं राहिलं की कुणी उत्तर मागत नाही, म्हणून ती मला आवडतात.

ह्यांचा धंदा मिरचीचा. नंदुरबारच्या अगदी कडेला आमचं घर आणि खिडकीसमोर ह्यांची पथारी, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मैदान. चित्रांतलं ह्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते लपवायचेही नाहीत. पण संग्रहातलं सर्वांत मोठं चित्र ह्यांनीच पसंत केलं. बडोद्याच्या एका प्रदर्शनात माझी वाट बघून कंटाळले होते, ते एका लाल चौकोनापुढे थांबले. नुसता लाल चौकोन आणि कोपऱ्यात एक काळी तिरपी पट्टी. खाली पेन्सिलीनं ७/२५ लिहिलेलं. मी समजावलं, एकाच ठशाचे पंचवीस कागद छापतात, त्यातला हा सातवा.

"मंग बाकीना चोवीस कोठे व्हतीन?" ह्यांनी विचारलं.

मला काय माहीत! सुरतेहून येणाऱ्या गाडीत हे चित्र मांडीवर धरून बसले, आणि तो प्रश्नही आमच्याबरोबर घरी आला तो कायमचा. जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "आपला सातवा आठे शे. बाकीना चोवीस कोठे व्हतीन वं?" मी वैतागायचे. कधी म्हणायचे, लंडनला. कधी म्हणायचे, विसरवाडीच्या ढाब्यावर. ते हसायचे आणि चार दिवसांनी पुन्हा विचारायचे.

उन्हाची धास्ती मात्र माझ्यापेक्षा ह्यांनाच. मिरची उन्हात जास्त राहिली की तिची लाली उडते. तिला फटकी म्हणतात, आणि चांगलं गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. त्यामुळे दुपार झाली की हे स्वतः उठून खिडकी लावून घ्यायचे. पथारीवर आणि भिंतीवर ह्यांचं सारखंच लक्ष असायचं.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, मान वळेना. पुढच्या खोलीत खाट अशी टाकली की पडल्या पडल्या खिडकीतून पथारी दिसावी आणि शेजारच्या भिंतीवरचा तो लाल चौकोनही. मिरचीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. पण दुपारी ऊन आत आलं की हे अडखळत म्हणायचे, "डोयाले उजेड लागस. खिडकी लाई दे." मी लावायचे. बाहेर बाया मिरची परतायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं, आणि हे बंद खिडकीकडे बघत पडून राहायचे.

एकदा नणंद भेटायला आली. जाताना तिनं मला ओट्यावर बाजूला घेतलं. "भाऊना डोयाले काहीच व्हत नही वं. माले सांगे, तिना फोटू फटकी व्हई जाई, म्हनीसन खिडकी बंद ठेवस."

मला रागच आला, खोटं कशाला सांगतो हा माणूस! मी चित्र काढून आतल्या खोलीत नेलं आणि खिडकी सताड उघडली. तर हे रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले आणि संध्याकाळी तोंडात घास घेईनात. दुसऱ्या दिवशी मी चित्र जागेवर टांगलं, पण खिडकी लावली नाही.

"फटकी व्हई जाई," हे कळवळून म्हणाले.

"व्हऊ द्या," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर देखा."

मग ते बघायचे. पथारीवरची मिरची, भिंतीवरचा चौकोन, पुन्हा मिरची. हंगामभर दुपारचं ऊन त्या कागदावरून सरकत गेलं. मी रोज बघत होते, त्यामुळे मला रंग उतरताना दिसला नाही. ह्यांना दिसला असणार, त्यांची नजरच तशी होती. पथारीवरची शेवटची मिरची पोत्यांत भरत होते त्या आठवड्यात हे गेले.

नंतर एकदा मुलगी पुण्याहून आली आणि भिंतीकडे बघून चमकलीच. चौकोन धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा झाला होता. तिनं मला न सांगता शोध घेतला. कितीतरी महिन्यांनी बडोद्यातल्या एका जुन्या संग्राहकाच्या घरी तेच चित्र निघालं, त्यांनी ते दिलं, आणि परवा ती ते घेऊन आली. खाली पेन्सिलीनं ११/२५. कागद उलगडला आणि खोलीत एकदम ती पहिली लाली आली. गाडीत ह्यांच्या मांडीवर होती, अगदी तीच. मला रडू आवरेना.

"हे लावू या ना तिथे?" मुलगी म्हणाली.

मी नको म्हटलं. खिळ्यावरचं राहू दे, त्यावर ह्यांच्या दुपारी आहेत. मुलीला वाईट वाटलं असेल. तिनं नवं चित्र जपून गुंडाळलं आणि आत नेऊन कपाटात ठेवलं.

ती झोपायला गेल्यावर मी खाटेवर बसले. खाट मी अजून हलवलेली नाही. इतकी वर्षं त्या एका प्रश्नाला मी थट्टेवारी नेलं. आता खरं उत्तर मिळालं होतं आणि विचारणारं कुणी नव्हतं. तरी न राहवून मी उशीकडे बघून बोललेच, "अहो, एक सापडी गया. बडोदामाच व्हता."